वंशवृक्षातील एक कोरी चौकट

मनुष्याला कोणता प्रश्न पडतो यापेक्षा त्याचे उत्तर तो कोठे शोधावयास जातो, यावरून त्याच्या काळाची ओळख अधिक पटते. माझ्या पणजोबांना काही पेच पडला म्हणजे ते 'धर्मसिंधू' उघडीत. आजोबा वकिलाकडे जात. वडील वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचीत. आणि तर्कशास्त्र शिकविण्यात ज्याचे निम्मे आयुष्य गेले असा मी गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत संगणकावरील एका सॉफ्टवेअरची मदत-पुस्तिका चार रात्री चाळीत बसलो होतो. ही कबुली देताना थोडा संकोच वाटतो. परंतु ज्या प्रश्नाने मला तेथवर नेले तो केवळ माझ्या घरचा नव्हे, अशी खात्री झाल्यामुळे तो वाचकांपुढे मांडीत आहे.

घडले ते असे. माझी पुतणी परदेशी असते. तिला मुलगा झाला, तेव्हा घराण्याची वंशावळ नीट लिहून पाठवावी असा तिने आग्रह धरला. साधने म्हणाल तर काकांनी तयार केलेला एक तक्ता, पणजोबांच्या मोडीतील दोन वह्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतून कोणी उतरवून आणलेली काही नावे, एवढीच होती. ती सर्व एकत्र करण्यासाठी मी 'ग्रॅम्प्स' नावाचे सॉफ्टवेअर घेतले. २००१ पासून अनेक हौशी मंडळी ते विनामूल्य घडवीत आली आहेत. त्याला जोडलेली 'हेल्प', म्हणजे मदत-पुस्तिका, विस्तृत असून माझ्यासारख्या नवशिक्यास तिच्यावाचून पाऊल टाकणे कठीण.

प्रारंभी या पुस्तिकेने माझे चांगले मनोरंजन केले. तारखेच्या चौकटीत ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू, इस्लामी आणि इराणी अशा कालगणना आहेत. इतकेच नव्हे, तर फ्रान्सच्या राज्यक्रांतीने काढलेले आणि बारा-तेरा वर्षांत टाकून दिलेले पंचांगही आहे. शालिवाहन शकाला मात्र जागा नाही! पणजोबांची शके आणि फसली साले 'नुसता मजकूर' म्हणून नोंदवावी लागली. उलट, काही सोयी पाहून मी थक्क झालो. प्रत्येक नोंदीच्या पुराव्यावर आपला विश्वास किती, हे अगदी कमीपासून अगदी अधिकपर्यंत पाच पायऱ्यांनी दाखविता येते. मूल व आईबाप यांच्या नात्याचेही प्रकार आहेत: जन्माचे, दत्तक, सावत्र, पालनापुरते, आणि अज्ञात. आपल्या घरोघरच्या तक्त्यांत सर्वांना एकाच उभ्या रेघेने जोडण्याची चाल आहे. ही मंडळी त्या एका रेघेला इतके अर्थ देऊ शकतात, याचे कौतुक वाटले.

वंशावळींची देवघेव एका संगणकातून दुसऱ्यात व्हावी म्हणून जी सर्वमान्य लेखनपद्धती आहे, ती १९८४ साली अमेरिकेतील मॉर्मन पंथाने सिद्ध केली. आपल्या मृत पूर्वजांसाठीही धर्मसंस्कार करावयाचे, तर त्यांची नावे हवीत, या श्रद्धेतून त्या पंथाने वंशशोधाचे प्रचंड काम उभे केले आहे. १९७७ पासून हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेण्यापर्यंत त्यांची मजल गेली. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांची नावे उच्चारणाऱ्या आपल्या समाजास हा हेतू परका वाटण्याचे कारण नाही. मेलेल्या माणसाचे नाव ठाऊक असणे हे जिवंत माणसाचे कर्तव्य आहे, ही समजूत दोहोंकडे सारखीच आहे.

वंशावळ लिहिण्याची हौस आमच्या गावालाही नवी नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ साली येथे उजेडात आलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजाने आपला बाप सर्वसेन आणि आजा प्रवरसेन यांची परंपरा संस्कृतात सांगितली आहे, आणि दान दिलेल्या गावाचा व्यवहार प्राकृतात. पूर्वजांसाठी एक भाषा आणि जमिनीसाठी दुसरी, हा भेद मोठा मार्मिक आहे. पण त्या संस्कृत परंपरेत आई नाही आणि आजीही नाही. याच कुळाच्या नंदिवर्धन शाखेतील राणी प्रभावतीगुप्ता हिने मात्र आपल्या पुणे ताम्रपटात माहेरच्या गुप्तांची वंशावळ दिली असून गोत्रही माहेरचे सांगितले आहे. मुलांच्या अज्ञानपणी राज्य तिच्या हाती होते म्हणून तिला ते साधले. आमच्या घरातील बायकांच्या हाती राज्य नव्हते. काकांच्या तक्त्यात सात पिढ्यांचे चाळीसांवर पुरुष आहेत आणि बायका नऊ; त्यांतही माहेरचे नाव दिलेल्या दोनच.

त्या नवांपैकी एक माझी आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. ती पंधराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. आमच्या घराण्यात तेव्हा पुनर्विवाहाची चाल नव्हती. माझ्या लहानपणी ती सत्तरीकडे झुकलेली होती. काकांच्या तक्त्यात तिच्या नावापुढे एकच शब्द आहे: 'निःसंतान'.

हा शब्द खरा नाही, असे माझ्या आईने शेवटच्या आजारात मला सांगितले होते. तिला ते तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आजीने, सांगितले होते. आत्याआजीला विसाव्या-एकविसाव्या वर्षी मुलगा झाला. पणजोबांनी तो रातोरात तीन कोसांवरच्या गावी एका निपुत्रिक शेतकरी जोडप्याच्या ओटीत घातला, आणि त्यांच्या नावे चार एकर शेत बक्षीस करून दिले. मुलाचा बाप कोण, हे आजीला ठाऊक नव्हते, किंवा तिने सांगितले नाही.

ऐकीव गोष्ट म्हणून मी ती सोडून दिली असती. परंतु लहानपणचे एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दर साल तुरी निघाल्या म्हणजे त्या गावचा एक मध्यम वयाचा गृहस्थ पोतेभर तूर घेऊन आमच्याकडे येई. इतरांचे धान्य गडी मोजून घेत; त्याचे मात्र आत्याआजी स्वतः ओसरीवर बसून पायलीने मोजी, आणि फार सावकाश मोजी. मग त्याला आत बसवून स्वतः वाढी. तिच्या या वागण्याचा उलगडा मला पुढे चाळीस वर्षांनी झाला.

आता प्रसंग कसा आला ते सांगतो. मराठवाड्यात २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून वंशावळ हा शब्द आमच्याकडेही चावडीवरचा झाला आहे. दाखल्याच्या कामी लोक कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जुनी हक्कनोंद हे सर्व धुंडाळतात. असाच धुंडाळीत माझा एक जुना विद्यार्थी फेब्रुवारीत माझ्या घरी आला. तो त्या तूर आणणाऱ्या गृहस्थाचा नातू. म्हणाला, "सर, आजोबांच्या जन्माची नोंद गावच्या कोतवाल बुकात नाही. एकदम शाळेच्या रजिस्टरातच त्यांचे नाव सापडते. आणि शेताच्या कागदावर तुमच्या पणजोबांचे नाव आहे. त्यांनी आम्हांला शेत का दिले असेल?"

मी उत्तर दिले, "जुनी माणसे होती बाबा, जिव्हाळ्याने देत असत." तो चहा घेऊन गेला. माझे वाक्य शब्दशः खोटे नव्हते. परंतु सत्यास फसवणुकीच्या कामी कसे जुंपावे, हे तर्कशास्त्राच्या प्राध्यापकास शिकवावे लागत नाही.

त्यानंतर सुटीत वंशावळ भरताना मी आत्याआजीच्या चौकटीपाशी आलो, आणि तिच्याखाली एक चौकट जोडावी की नाही, या विचाराने थबकलो. मदत-पुस्तिकेत शोध सुरू झाला तो येथे. बाप अज्ञात असता मूल कसे जोडावे? पुस्तिकेत रीत दिली आहे. एकाच मुलास दोन कुटुंबांशी कसे जोडावे? तीही आहे. ऐकीव पुरावा कसा दाखवावा? 'अगदी कमी' विश्वासाची खूण करावी. नोंद इतरांस दिसू नये असे वाटल्यास? तिला कुलपाची लहानशी खूण आहे. ती दाबली म्हणजे वंशावळ दुसऱ्यास पाठविताना ती नोंद वगळता येते. जिवंत माणसांचा तपशील वगळण्याचीही वेगळी सोय आहे. चार रात्रींत मला जे जे विचारता आले, त्या सर्वांचे उत्तर मिळाले. अस्वस्थता मात्र रतिमात्र कमी झाली नाही.

याचे कारण पाचव्या दिवशी ध्यानात आले. मदत-पुस्तिका 'कसे' या प्रश्नाचे उत्तर देते. 'करावे की न करावे' याचे देत नाही, आणि द्यावे अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे होय. मी मात्र दुसरा प्रश्न पहिल्याचा वेष देऊन तिच्यापुढे नेत होतो. नोंद झाकावी कशी, हे विचारताना झाकणे योग्य आहे हे मी मनोमन गृहीत धरीत होतो. आधुनिक मनुष्याच्या कितीतरी नैतिक चिंता याच रीतीने तांत्रिक शंकांत रूपांतर पावतात. उत्तर लगेच मिळते, आणि उत्तर मिळाले म्हणजे प्रश्न सुटला असा भास होतो.

पणजोबांच्या 'धर्मसिंधू'ची गोष्ट निराळी होती. १७९० च्या सुमारास पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी रचलेला तो ग्रंथही एक प्रकारची मदत-पुस्तिकाच. परंतु ती 'कसे' आणि 'करावे की न करावे' ही दोन्ही उत्तरे एकदम देई. पूर्वजाचे गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप गोत्र उच्चारावे, असे धर्मशास्त्र सांगते. म्हणजे 'अज्ञात' ही चौकट आपल्याकडेही होती, आणि ती भरावी अशी आज्ञाही होती. ते आज्ञेचे दिवस परत यावेत असे मी म्हणत नाही. त्याच आज्ञांनी पंधरा वर्षांच्या मुलीला जन्मभर माजघरात बसविले. पण त्या आज्ञा गेल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर निवाडा करण्याची जबाबदारी गेली नाही. ती आपल्यावर येऊन पडली. ती कोणत्याही सॉफ्टवेअरवर टाकता येत नाही.

तेव्हा निवाडा आपणच करू. पहिला पक्ष सरळ आहे. वंशावळ ही सत्याची नोंद; जे घडले ते लिहावे. काही पूर्वज लपवून केलेली वंशावळ म्हणजे भाटाची स्तुती होय. या पक्षात जोर आहे, परंतु एक उणीवही आहे. सत्य लिहिणे आणि सत्य प्रसिद्ध करणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. माझी पुतणी ती वंशावळ साऱ्या आप्तांस पाठविणार. ज्यांस या गोष्टीशी काही कर्तव्य नाही, अशा पन्नास घरांत ती चार दिवस चघळली जाईल.

दुसरा पक्ष म्हणतो: आत्याआजीने हे जन्मभर लपविले, तिचे गुपित तिच्याबरोबर जाऊ द्यावे. येथे प्रश्न उद्भवतो की, मेलेल्या माणसाचे काही हक्क असतात काय? सॉफ्टवेअरचे मत दिसतेच: जिवंतास सरसकट आडोसा, मृतास तो कोणी आठवणीने दिला तर. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात हा प्रश्न घेतला आहे. वंशजांच्या बऱ्यावाइटाचा मृतांस काहीच स्पर्श होत नाही असे म्हणणे त्याला फार निष्ठुर वाटते. स्पर्श होतो, पण तो क्षीण असतो, असा त्याचा मध्यम मार्ग आहे. मला तो पटतो. मृताविषयीचे कर्तव्य असते. परंतु जिवंताविषयीच्या कर्तव्याशी त्याची गाठ पडली, तर ते मागे सरते.

गुपित राखणे हे सत्याशी वैर आहे, असेही नव्हे. १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा विधवांनी तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, असे आश्वासन दिले होते. पुढे दहा वर्षांनी सत्यशोधक समाज स्थापन करणारा पुरुष तो हाच! त्या गृहाच्या आश्रयास आलेल्या एका विधवेचा मुलगा यशवंत यास त्यांनी दत्तक घेतले आणि १८८७ च्या मृत्युपत्राने वारस केले. सत्याचा शोध आणि स्त्रीच्या अब्रूचे रक्षण या दोन गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र नांदल्या. याचे रहस्य माझ्या मते एवढेच की, जगाच्या तोंडापासून त्यांनी त्या स्त्रीला आडोसा दिला, पण तो आडोसा मुलाच्या मुळावर येऊ दिला नाही. त्यांनी मुलाला घर आणि नाव दिले. माझ्या पणजोबांनी चार एकर शेत दिले, आणि त्याच्या मोबदल्यात मौन घेतले. दोन्हीकडे गुपित आहे. पण एकाने ते त्या स्त्रीसाठी राखले, दुसऱ्याने स्वतःसाठी.

हा भेद ध्यानात आल्यावर माझे स्वतःचे उत्तर मला निराळे दिसू लागले. त्या विद्यार्थ्यास मी जे सांगितले, ते त्याच्या भल्याकरिता सांगितले, असे मी मनाला समजावीत होतो: त्याचे दाखल्याचे काम चालले आहे; बाप अज्ञात अशी गोष्ट कानी पडून तो उगाच हवालदिल होईल. परंतु मी खरोखर कोणास जपत होतो? आत्याआजीला जाऊन तीस वर्षे झाली. त्या वेळी मी माझ्या घराण्याची, म्हणजे पर्यायाने माझीच, प्रतिष्ठा जपत होतो.

उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. गोत्र विचारले असता त्याने, मला ठाऊक नाही, आईलाही ठाऊक नाही, असे सांगितले, आणि त्या सत्यामुळे गौतमाने त्याला शिष्य केले. आपण मुलाच्या सत्यवादाचे कौतुक करतो. परंतु पहिले सत्य बोलली ती जबाला, आणि ती स्वतःविषयी बोलली. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी चारचौघांत बोलला नाही. शिवाय ती बोलली ती ज्याने विचारले आणि ज्याला विचारण्याचे कारण होते, त्याच्यापाशी. या कथेत सत्याचा महिमा आहेच. त्याबरोबर सत्य कोणी, कोणास आणि केव्हा सांगावे, याचाही निर्णय आहे.

आजचा कायदाही थोड्याफार याच वाटेने गेला आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तकाचे जन्मघराशी असलेले बंध तुटतात; तरी ज्यांच्याशी जन्मनात्यामुळे विवाह होऊ शकत नव्हता, त्यांच्याशी तो पुढेही होऊ शकत नाही. म्हणजे बंध तोडणाऱ्या कायद्यानेही जन्माची आठवण एका कामापुरती राखून ठेवली. आणि २०२२ च्या दत्तक-नियमावलीत दत्तक गेलेल्या व्यक्तीस आपले मूळ शोधण्याची वाट आहे, जन्मदात्यांच्या गोपनीयतेचा मान आहे, आणि तिऱ्हाइताने असा शोध घेण्यास मनाई आहे. आत्याआजीच्या मुलाचे दत्तविधान झाले होते असे नाही. परंतु तत्त्व लागू पडावयास अडचण नसावी. ज्याचे मूळ आहे त्याला विचारण्याचा अधिकार, पाहणाऱ्याला नाही.

यावरून मी माझ्यापुरते तीन निर्णय केले आहेत. पहिला असा की, 'निःसंतान' हा शब्द मी पुसून टाकला. सर्व सत्य सांगण्यास मी बांधलेला नाही. पण असत्य लिहिण्याची मला परवानगी नाही. आत्याआजीच्या चौकटीखाली आता काही लिहिलेले नाही. कोरी जागा खोटे बोलत नाही. दुसरा, पुतणीला पाठवावयाच्या प्रतीत त्या मुलाची चौकट नाही. तो ज्या घरात वाढला त्या घरचाच मुलगा आहे. त्याच्या पश्चात, त्याच्या घरच्यांस न विचारता, त्याला आमच्या झाडावर कलम करणे ही पणजोबांच्या कृत्याची उलटी आवृत्ती झाली असती. त्यांनी न विचारता दिले; मी न विचारता परत घेतले असते.

तिसरा निर्णय अधिक कठीण आहे. मी त्या विद्यार्थ्याकडे जाणार आहे. प्रथम कबूल करणार आहे की, त्या दिवशी मी तुला पुरते उत्तर दिले नाही. मग विचारणार आहे की, एक ऐकीव गोष्ट आहे, तिला माझ्या आईच्या शब्दापलीकडे आणि माझ्या एका आठवणीपलीकडे पुरावा नाही. ती ऐकावी अशी तुझी इच्छा आहे काय? तो नको म्हणाला तर मी परत येईन. हो म्हणाला तर जेवढे मला ठाऊक आहे तेवढे सांगेन. त्यात भर घालणार नाही आणि त्याच्या वतीने त्याचा अर्थही लावणार नाही. तूर मोजण्याची गोष्ट मात्र सांगेन. माझ्या हाती असलेल्या पुराव्यांत तोच एक पुरावा आत्याआजीच्या स्वतःच्या हातचा आहे.

या निर्णयातही शंकेला जागा आहे, हे मी जाणतो. 'ऐकावयाचे आहे काय?' असे विचारणे म्हणजे अर्धे सांगणेच नव्हे काय? एकदा दार ठोठावल्यावर आत काही आहे हे लपत नाही. या आक्षेपास माझ्यापाशी एकच उत्तर आहे: दार मी ठोठावलेले नाही, फेब्रुवारीत तो आला तेव्हा त्यानेच ते ठोठावले, आणि मी आतून कडी लावली. ती काढणे एवढेच आता माझे काम उरले आहे.

मदत-पुस्तिकेत उत्तर न सापडल्यास तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या इतरांस विचारावे, अशी सूचना अशा पुस्तिकांच्या शेवटी बहुधा असते. ती मी पाळीत आहे. वंशावळ हे सॉफ्टवेअर वापरणारे आपण सर्वच आहोत, आणि ज्या घराच्या तक्त्यात एखादी अशी चौकट नाही, असे घर विरळा. कोणा वाचकास माझ्याहून बरे उत्तर सापडले असेल तर त्याने ते कळवावे. मात्र फार विलंब लावू नये. पितृपक्ष संपण्यापूर्वी त्या गावी जाण्याचा माझा विचार आहे.